उताऱ्याची नोंद करणारे हात

आपल्या गावांतील पुष्कळ मुले-मुली हल्ली शहरांतील कचेऱ्यांतून संगणकावर नोंदी भरण्याचे काम करतात. त्या हुद्द्याला ‘डाटा एंट्री अ‍ॅनालिस्ट’ असे भारदस्त नाव असते. परंतु मुलगा दिवसभर करतो काय, असे विचारले तर आईबाप “काहीतरी टाइप करतो” एवढेच सांगतात. हे काम किती जोखमीचे आहे, हे ज्याच्या घरी चार गुंठे जमीन आहे त्यास चटकन उमजेल. म्हणून आम्ही उदाहरण जमिनीचेच घेतो.

हुबळीहून कारवारच्या वाटेवर कलघटगी हे धारवाड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव लागते. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी त्याची ख्याती आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि जमिनीच्या कागदास तेथील शेतकरी आजही ‘उतारा’ असेच म्हणतो. पूर्वी हा उतारा गावच्या लेखापालाच्या दप्तरात, त्याच्याच हस्ताक्षरात असे. तो भेटेल तेव्हा आणि त्याची मर्जी असेल तेव्हा मिळावयाचा! पुढे कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजना हाती घेतली. राज्यातील सुमारे ६७ लक्ष शेतकऱ्यांच्या जवळजवळ दोन कोटी नोंदी संगणकात चढविण्यात आल्या, आणि २००१ च्या सुमारास तालुका कचेरीच्या खिडकीवर प्रारंभी १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. हस्तलिखित उताऱ्यास कायद्याने मान्यता उरली नाही.

या शेवटच्या वाक्यात सारी जोखीम सामावली आहे. उद्यापासून संगणकात असेल तेच खरे, असे एकदा ठरले की कळा दाबणाऱ्याच्या बोटावर कुणाचे तरी शेत असते.

एकराचे गुंठे चाळीस. दप्तरात ‘१-२०’ असे लिहिलेले असेल तर ती जमीन दीड एकर. शाळेतील दशांशाच्या सवयीने कुणी ते ‘१.२०’ असे वाचले, तर तीच जमीन एक एकर आठ गुंठे होते. बारा गुंठे गेले, आणि बांध मात्र जागचा हललाही नाही! जुने कारकून एक युक्ती सांगत: ३६ चे ६३ असे आकडे उलटले, तर बेरजेत पडणाऱ्या फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. आज ज्याला विश्लेषण म्हणतात, त्याचे मूळ असल्या पडताळ्यातच आहे. एका सर्व्हे नंबरातील सर्व हिस्स्यांची बेरीज त्या नंबराच्या एकूण क्षेत्राइतकी भरलीच पाहिजे. न भरल्यास कुठेतरी चूक आहे.

येथे नवशिक्याला मोह पडतो. चूक दिसली की आपणच आकडा जुळवून टाकावा, असे त्यास वाटते. आमच्या मते याहून मोठी चूक नाही. मूळ वहीत जे आहे तेच उतरवावे, शंका वेगळी नोंदवावी आणि कागद अधिकाऱ्याकडे परत धाडावा. ‘भूमी’त हेच केले गेले. नोंदी भरणारे खाजगी संस्थांचे लोक होते. त्यांनी भरलेल्या नोंदींच्या छापील प्रती लेखापालांकडे गेल्या आणि मूळ वहीशी ताडून दुरुस्त झाल्या. पुढे फेरफार करणाऱ्या अधिकाऱ्यास बोटाचा ठसा दिल्यावाचून संगणक उघडता येऊ नये, अशीही तजवीज झाली.

नावांची गोष्ट आकड्यांहून अवघड. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव चर्चच्या नोंदवहीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि उताऱ्यावर तिसरेच, असे सर्रास आढळते. माणसाला ते एकच दिसतात, यंत्राला तीन. बँकेत पीककर्ज मागावयास गेले म्हणजे ही तीन माणसे एकमेकांस ओळखत नाहीत.

महाराष्ट्रातही हे काम जुनेच. १९८८-८९ मध्ये देशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत भूमिअभिलेख संगणकावर आणण्याचा पहिला प्रयोग झाला, त्यांत वर्धा होता. तरीही २०१७ मध्ये गावोगावी ‘चावडी वाचन’ करावे लागले. संगणकातील सातबारा सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावयाचा, आणि नाव, क्षेत्र वा गट क्रमांक चुकला असेल तर खातेदाराने तेथेच हरकत घ्यावयाची.