गुडघ्यातलं इंजेक्शन : दुखणं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला का?

मंडळी, वळसंगात आपण मांडी घालून, उकिडवे बसून वाढलो. आता गुडघे कुरकुरतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्याची सूज उतरवतं, काही आठवडे आराम देतं. पण झिजलेली कूर्चा त्यानं भरून येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १४० रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, दर तीन महिन्यांनी दोन वर्षं टोचलं. वेदनेत विशेष फरक दिसला नाही. कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली.

म्हणून वेदना आणि झीज वेगळ्या धरू. पाऊलच टाकवत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं एखादं इंजेक्शन जरूर घेऊ. मधुमेह असेल तर आधी सांगू, कारण साखर काही दिवस चढते. आणि उसन्या मिळालेल्या त्या आठवड्यांत मांडीचे स्नायू बळकट करू.