माझी लेक पबमध्ये वाजवते

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालं आणि गल्लीतल्या एका काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "धाकटी काय करते हो तुमची पुण्यात?"

"कंपनीत आहे," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. सोमवार ते शुक्रवार ती कंपनीतच असते. पण महिन्यातल्या एक-दोन शनिवारी पाठीवर लांबलचक काळी बॅग अडकवून ती बाणेरच्या एका पबमध्ये जाते आणि तिथं बास गिटार वाजवते, हे मात्र मी चार बायकांत बोलले नाही. गेली दोन वर्षं बोलतच नव्हते.

मैत्रिणींनो, खरं सांगू का? नुसती 'लोक काय म्हणतील' एवढीच भीती असती, तर मी ती कधीच गिळली असती. माझी अडचण वेगळी होती. बचत गटांचं काम करता करता मी दारूबंदीच्या कामात ओढले गेले. आमच्या वाईजवळच्या एका गावात 'आडव्या बाटली'साठी आम्ही घरोघरी फिरलो. २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावाच्या यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर परवान्याचं दुकानही बंद करावं लागतं. नुसत्या मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या नव्हे हं, अख्ख्या यादीतल्या! म्हणून ऊसतोडीला गेलेल्या बायकांनासुद्धा निरोप धाडले होते आम्ही. ज्यांच्या घरात दारूनं माणसं गेली, त्यांच्या चुलीपुढं बसून चहा प्यायलाय मी. आणि माझीच लेक दारू विकणाऱ्या जागेत उभी राहून वाजवते! कुठल्या तोंडानं सांगणार?

त्यातच तिचा फोन आला. "आई, शनिवारी गिग आहे. या वेळी तरी ये ना."

गिग म्हणजे कार्यक्रम. मी नेहमीसारखं "बघू" म्हणणार होते. पण ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढताच म्हटलं, "जाऊन ये. न बघता किती दिवस कुढणार?" झालं! शनिवारी दुपारची स्वारगेटची एसटी धरली.

मला वाटलं होतं, कार्यक्रम नऊचा, म्हणजे साडेआठला निघू. पण लेक म्हणाली, "आई, पाचला पोचायचंय." पबच्या मागच्या दारानं आत शिरलो. आत वेटर खुर्च्या उतरवत होते, फिनाईलचा वास येत होता. दवाखाना उघडायच्या आधी जसा असतो, तसाच! ड्रम, वायरींची भेंडोळी, स्टँड, सगळं यांनीच उचलून आणलं. स्टेज म्हणजे काय, तर स्वच्छतागृहाच्या दाराशेजारचा वीतभर उंच कोपरा. बास गिटारचं वजन चार किलोच्या आसपास असतं, आणि ती दोन-अडीच तास एका खांद्यावर. लेकीनं वायर जोडली आणि एक तार छेडली.

मी दचकलेच. आवाज कानात आला नाही, आधी खुर्चीतून आला. छातीत आला.

तुम्हाला म्हणून सांगते, तोवर मी माझ्या लेकीचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. ती मोबाइलवर व्हिडिओ पाठवायची. त्यात तिची बोटं हलताना दिसायची. पण ऐकू यायचा तो गाणाऱ्याचा आवाज आणि ड्रम. मला वाटायचं, ही नुसतीच उभी आहे की काय! त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. या वाद्याला चार जाड तारा असतात. सगळ्यांत जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा, साध्या गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मा. एवढा खोल सूर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून नीट बाहेरच पडत नाही. दोन वर्षं मी नातेवाइकांना चोरून ते व्हिडिओ बघत होते, आणि मुलीचा आवाज मला एकदाही आला नव्हता!

पण हा आवाज ओळखीचा वाटत होता. थोड्या वेळानं लक्षात आलं. माझे वडील दुकान बंद करून रात्री भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावावी लागते, तेव्हा कुठं तो घुमतो. ती कणीक मळून द्यायचं काम माझं होतं. अभंग कोण म्हणतंय याकडे सगळ्यांचं लक्ष, पण माना डोलायच्या त्या डाव्या बाजूच्या घुमण्यावर. बास गिटारचं काम तेच. सूर आणि ताल यांची गाठ तिथं बसते.

आपण सगळ्यांनी बास ऐकलेली असते, फक्त नाव माहीत नसतं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवायचे. त्या काळातली गाणी लागली की पाय आपोआप हलतो ना, त्यात या तारांचा मोठा वाटा. पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा उभ्या लाकडी वाद्यावर चालायचं. ते गाडीत मावत नसे आणि गर्दीत ऐकूही येत नसे. मग १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी, जे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची बास बाजारात आणली. तेव्हापासून हौशी पोरांनाही ती खांद्यावर टाकून कुठंही नेता यायला लागली.

सहाला आवाजाची जुळणी संपली. मग नऊपर्यंत काय? काही नाही. बसायचं. हौशी वादकाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं, असं तिथं भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं. ते बँकेत अधिकारी, पन्नाशीचे, त्यांचा बँड या मुलांनंतर वाजवणार होता. तेही बासवालेच. मला म्हणाले, "ताई, चार मित्र बँड काढतात तेव्हा तिघांना गिटारच वाजवायची असते. मग ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात बास पडते. माझं तसंच झालं." आणि मनापासून हसले. सोबत एक दातांचे डॉक्टर होते, त्यांचीही हीच कथा. नंतर तीच आवडायला लागली, म्हणाले.

त्यांच्याकडून एकेक गमती कळल्या. कधी ऐकायला अकराच जण असतात आणि त्यातले चार वादकांचे मित्र. मॅच असेल तर मालक मोठ्या पडद्यावर ती लावतो, मग वादकांकडे पाठ करून सगळे बसतात. कुणीतरी येऊन भलत्याच गाण्याची फर्माईश करतं. आवाज जास्त झाला अशी तक्रार आली की आधी बासच कमी करायला सांगतात, कारण भिंती तीच हलवते! आणि पैसे? त्या रात्री लेकीच्या चौघांच्या बँडला मिळून आठ हजार मिळणार होते. प्रत्येकी दोन. त्यातून टॅक्सी, सरावाच्या खोलीचं भाडं. तारांचा नवा संच घ्यायचा झाला तर एका रात्रीची कमाई त्यातच जाते. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. आपल्याकडं हौशी नाटकवाले पदरचे पैसे घालून स्पर्धेला जातात, तसंच.

नऊला सुरू झालं. मी कोपऱ्यात लिंबू सोडा घेऊन बसले होते. शेजारच्या टेबलावर किती बाटल्या आल्या, हे नकळत मोजत होते. सवय!

चौथ्या गाण्याला गंमत झाली. लेकीचा आवाज आधी फाटला, मग बारीक झाला, मग गेलाच. गाणारा गात होता, ड्रम चालू होते, गिटार चालू होती. पण सगळं एकदम पोकळ झालं, जोत्यावरून घर उचलल्यासारखं. बँडच्या समोर नाचणारी चार-पाच पोरं थांबली. काय गेलं हे त्यांना कळलं नाही, पण पाय अडले. माझ्या टेबलाजवळ एक वेटर उभा होता, इतका वेळ त्याचा बूट ताल धरत होता, तोही थांबला.

तिच्या बासच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. वायर जोडलेली राहिली की ती आपली जळत राहते. संध्याकाळचे तीन तास ही वायर काढायला विसरली होती! बँकवाले उठले, बॅगेतून बॅटरी काढली आणि गाणं चालू असतानाच लेकीच्या हातात दिली. नाणं घालून पाठीमागचं झाकण उघडलं, बॅटरी बदलली, आणि पुढच्या कडव्याला तो आवाज परत खुर्चीतून वर आला. वेटरचा बूट पुन्हा हलायला लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी भारावून म्हटलं, "अगं, तुझं वाद्य म्हणजे घरातली बाई गं! असेपर्यंत कुणाचं लक्ष नाही, आणि नसली की घर चालत नाही."

मला वाटलं, खूश होईल. ती वायर गुंडाळत शांतपणे म्हणाली, "आई, फरक आहे. मी बास मागून घेतलीय. बँडमध्ये गिटारची जागा होती, मी म्हटलं, मला बास द्या. तुला कुणी विचारलं होतं?"

काय बोलणार यावर?

तिनंच मग मला कॅरल के यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या या बाई, पदरात मुलं, गिटार वाजवून घर चालवणाऱ्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आलाच नाही, म्हणून त्यांच्या हाती बास दिली गेली. पुढं त्यांनी ती सोडलीच नाही, हजारो ध्वनिमुद्रणांत वाजवली. आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे, १९९६ चा जन्म, वडील बास वाजवणारे. तिनं ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवलं, जगभर गाजली. "पण आई, मला मोहिनी व्हायचं नाही," लेक म्हणाली. "मला सोमवारी ऑफिसला जायचंय. फक्त शनिवारी हे हवंय."

टॅक्सीत मी मनातलं विचारलंच. "तुम्ही छान वाजवलंत की लोक जास्त वेळ बसतात आणि जास्त पितात, हो ना?"

"हो आई," ती म्हणाली. "म्हणूनच बोलावतात आम्हाला. मी नाही म्हणत नाही. पण लोकांसमोर वाजवायला दुसरी जागा दाखव, उद्या तिथं वाजवीन."

मी विचार करत राहिले. आमच्या गावात तरी अशी जागा मला आठवली नाही. भजनी मंडळाला देऊळ होतं, नाटकाला थिएटर आहे. या पोरांच्या वाद्याला मात्र दारूचं दुकानच सापडतं, हा दोष एकट्या त्यांचा कसा म्हणू? आणि मुलींनी अशा जागी जाऊच नये म्हणावं, तर त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. दारू मिळते त्या जागी बायकांनी नोकरी करू नये, असं १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात कलम होतं आणि ते दिल्लीतही लागू होतं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. बाईला कामावरून दूर ठेवणं हा तिच्या सुरक्षिततेचा उपाय नव्हे, ती जागा सुरक्षित करा, असा त्या निकालाचा रोख होता.

म्हणून मी लेकीला 'जाऊ नको' म्हटलं नाही. तीन गोष्टी मात्र ठरवून घेतल्या. पैसे किती ते आधी ठरवायचं आणि लेखी, निदान मेसेजवर घ्यायचं. परतताना एकटीनं निघायचं नाही. आणि गाडी चालवणाऱ्यानं थेंबभरही घ्यायची नाही. ती हसली. "आई, हे आमचं आधीपासूनच ठरलंय." मी कधी विचारलंच नव्हतं ना!

दारूबद्दलचा माझा प्रश्न सुटला असं नाही. आडव्या बाटलीचं काम मी सोडणार नाही, आणि लेक पबमध्ये वाजवणं सोडणार नाही. दोन्ही एकाच घरात राहणार. असो.

परत आले ती रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी म्हटलं, "कंपनीत आहे. आणि शनिवारी पबमध्ये बास गिटार वाजवते."

बायका गप्प झाल्या. आमच्या आडव्या बाटलीच्या लढ्यातली एक मावशी तिथं होती. नवरा दारूपायी गेलेला. तिच्याकडं बघायची मला हिंमत होईना. तिनंच विचारलं, "रात्रीची परत कशी येती गं ती?"

"टॅक्सीनं. बरोबर तिघं असतात."

"मग ठीक हाय," मावशी म्हणाली. "दाव की मोबाइलवर, काय वाजवती ते."

मी मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. म्हटलं, "मावशी, मोबाइलवर नाही ऐकू येत. जाऊनच ऐकावं लागतं."