डोंगल खिडकीत का बसतं?

वसईच्या पश्चिमेला वाडीतल्या घरात राहणाऱ्याला नेटचं दुखणं नवं नाही. पहिल्या वादळी सरीत फांदी केबलवर येते, वीज जाते, राऊटर मुका होतो. जुलै २०१८च्या पावसात तर लोकलही थांबल्या आणि वीजही गेली. अशा वेळी लॅपटॉपच्या कुशीतलं, मोबाइलच्या सिमवर नेट देणारं बोटभर डोंगल कामाला येतं. अर्थात टॉवरची बॅटरी टिकेपर्यंतच.

डोंगलची पहिली गंमत अशी की ते वेषांतर करून येतं. खोचल्यावर कॉम्प्युटरला वाटतं, कुणी सीडी घातली. त्या खोट्या सीडीत डोंगलचा ड्रायव्हर आणि नेट जोडणारं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. ते बसलं की डोंगल सीडीचं सोंग टाकून मोडेम बनतं. म्हणून पहिल्या खेपेला दोन-तीन मिनिटं हात लावू नये. काहीच उघडलं नाही, तर विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये (पूर्वीचा ‘माय कॉम्प्युटर’) त्या सीडीवर दोनदा क्लिक करावं. लिनक्सवर हे सोंग उतरवायचं काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. अलीकडची बरीच डोंगल या भानगडीत पडत नाहीत. ती थेट नेटवर्क कार्ड म्हणून उभी राहतात आणि ब्राउझरमध्ये त्यांचं पान उघडतं. हुआवेच्या अनेक डोंगलांचा पत्ता १९२.१६८.८.१.

सिम ओळखलं, तरी नेट नाही? मग एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायच्या दाराचं नाव, तपासा. तो कंपनीगणिक वेगळा. जागा न सोडता, जसाच्या तसा टाकायचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये डायल करायचा नंबर *९९#. टाटा फोटॉन प्लसच्या सीडीएमए काळात तो #७७७ होता.

पण खरी कसोटी जागेची. आमच्याकडे जाड भिंती, बाहेर माड आणि केळी. ओल्या पानांतून सिग्नल आणखी क्षीण होतो. टेबलाखालच्या पोर्टात डोंगल खोचून मी दोन दिवस कंपनीच्या नावाने बोटं मोडली. मग मीटरभर यूएसबी वायर लावून ते खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं. ४जी सिग्नलचा आकडा उणे ११२ वरून उणे ९४ वर आला. इथे उणे आकडा शून्याकडे सरकेल तितका बरा. वायर मात्र फार लांब नको. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, आणि सिग्नल कच्चा असला की डोंगल जास्त वीज ओढतं. लांब वायरीत विजेचा दाब घटला की ते मधेच गायब होतं आणि आपण सिमला शिव्या घालतो.

जुनं डोंगल विकत घेताना एवढंच पाहावं, की ते ४जी आहे ना. एअरटेलने २०२०मध्ये ३जी बंद केलं. जिओकडे तर ते कधी नव्हतंच. माझ्या ३जी डोंगलला मेमरी कार्डाची खाच आहे, म्हणून ते अजून खणात आहे. कार्डात सुकेळी वाळवतानाचे फोटो आहेत.