गाभण : शब्द आणि त्यामागचा हिशेब



गोठ्यात आपण रोज वापरतो तो 'गाभण' हा शब्द मूळ संस्कृत 'गर्भिणी'पासून आला आहे. प्राकृतात त्याचे 'गब्भिणी' झाले आणि मराठीत 'गाभण'. 'गर्भ'चा 'गाभ' झाला तो याच वाटेने. केळीचा गाभा, देवळाचा गाभारा, कोकणातील माशांची गाभोळी हे शब्द याच घराण्यातले. भातात खोडकिडीने मधला पोंगा वाळतो, त्याला आपण 'गाभेमर' म्हणतो. थोडक्यात, आत जपून ठेवलेला जिवाचा भाग म्हणजे गाभ.

जीवशास्त्राच्या पुस्तकात यासाठी 'ग्रॅव्हिड' असा शब्द भेटतो. अंडी भरलेली मासळी, कीटक किंवा खेकड्याची मादी यांच्यासाठी तो विशेषकरून वापरतात. लॅटिन भाषेत 'ग्रॅव्हिस' म्हणजे जड. आपला 'गुरु' (जड) हा शब्द आणि तो मूळचे एकच. संस्कृतात गर्भवतीला 'गुर्विणी' असेही म्हणतात. 'जेस्टेशन' म्हणजे गर्भकाळ. त्याचे मूळ 'वाहून नेणे' असे आहे. एका शब्दाने भार सांगितला, दुसऱ्याने तो वाहण्याचा काळ. पशुपालकाला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

गाभण म्हणायचे केव्हा?

गाय २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली नाही, की आपण ती गाभण धरतो. आमच्या घरी एका गाईबाबत असेच झाले. कृत्रिम रेतनानंतर ती उलटली नाही, म्हणून वडिलांनी निश्चिंत मनाने दिवस मोजले. सहाव्या महिन्यात तपासणी केली तेव्हा गाय रिकामी निघाली. तोवरचा चारा, पेंड आणि पुढचे वेत लांबले ते वेगळेच. माज न दिसणे हा गाभण असल्याचा पुरावा नाही. म्हशीत तर मुका माज नेहमीचा. म्हणून भरवल्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

दिवसांचा हिशेब

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवस, म्हशीचा सुमारे ३१० दिवस आणि शेळीचा सुमारे १५० दिवस असतो. जुनी माणसे गाईचे नऊ महिने नऊ दिवस आणि म्हशीचे दहा महिने दहा दिवस मोजतात. ते याच्याशी जुळते. उदाहरणार्थ, १ जानेवारीला फळलेली गाय ८ ऑक्टोबरच्या सुमारास, तर म्हैस ७ नोव्हेंबरच्या सुमारास विते. भरवल्याची तारीख गोठ्यातील वहीत लिहिली तरच हा हिशेब बसतो.

विण्याच्या ६० दिवस आधी जनावर आटवावे. वरच्या उदाहरणातील गाय ९ ऑगस्टच्या सुमारास. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. त्या काळात दूध नाही म्हणून खुराक तोडणे म्हणजे पुढच्या वेताचे दूध आजच तोडणे होय.

गाभडल्यास

दिवस भरण्यापूर्वी गाभ पडला की आपण जनावर गाभडले म्हणतो. धक्का लागला असेल, एवढ्यावर विषय सोडू नये. गाभणकाळाच्या शेवटच्या तिमाहीत असे झाल्यास ब्रुसेलोसिस अर्थात सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. पडलेला गाभ व वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. पशुवैद्यकास कळवून, त्यांच्या सल्ल्याने चुना टाकून खोल पुरावे. ते जनावर वेगळे बांधावे आणि कच्चे दूध पिऊ नये. कालवडी व पारड्या ४ ते ८ महिन्यांच्या असताना त्यांना याची लस टोचून घ्यावी.

गाभ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो अंदाजावर सोडू नका; तारीख लिहा, तपासणी करा आणि मगच गाय गाभण आहे असे म्हणा.