आठवीतली एक परीक्षा, चार वर्षांचा आधार

आठवीनंतर अनेक मुलामुलींची शाळा पैशांअभावी सुटते. ती सुटू नये म्हणून केंद्र सरकारची ‘एनएमएमएस’ शिष्यवृत्ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात.

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारी मुले परीक्षेला बसू शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. महाराष्ट्रात ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, म्हणून जूनपासूनच वर्गशिक्षकांकडे चौकशी करत राहा.

पेपर दोन, प्रत्येकी ९० गुणांचे. बौद्धिक क्षमता चाचणीत तर्काचे प्रश्न असतात. उदाहरणार्थ, ३, ७, १५, ३१ यानंतर कोणती संख्या? प्रत्येक वेळी दुप्पट करून एक मिळवला की उत्तर ६३. असे प्रश्न पाठांतराने नव्हे, रोजच्या सरावानेच सुटतात. शालेय क्षमता चाचणीत विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित असते.

उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. आधार, बँक पासबुक आणि शाळेच्या नोंदीत मुलाचे नाव अक्षरशः सारखे आहे ना, तेही तपासा. निवडीनंतर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, तो विसरू नका. हुशार मूल केवळ माहिती न मिळाल्याने मागे राहू नये. शेजारच्या घरीही हे जरूर सांगा.