प्रगतिपुस्तकातला शेरा

मागच्या वर्षीची गोष्ट. श्रावणातल्या एका दुपारी आमच्या बचत गटाची बैठक भरली होती. हिशोबाची वही उघडली, तर ६,४०० रुपयांचा मेळ लागेना. सोळा जणींची दोन महिन्यांची वर्गणी! वही आणि पैसे दोन्ही माझ्या धाकट्या बहिणीकडे. ती याच गावात दिलेली, म्हणून मीच पुढाकार घेऊन तिला खजिनदार केलं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ‘घरचीच माणसं घेतली की असंच व्हायचं’ हे वाक्य चपला घालताना माझ्या कानावर पडलंच.

पैसे तिसऱ्या दिवशी सापडले. तांदळाच्या डब्यात, रुमालात बांधलेले. “ताई, मीच ठेवले गं. दारावर गॅसवाला आला, घाईत डब्यात टाकले आणि पार विसरून गेले,” असं सांगताना ती ओक्साबोक्शी रडत होती. मैत्रिणींनो, खरं सांगते, ते तीन दिवस माझ्याही मनात नको तो संशय येऊन गेला होता. इतकी वर्षं बायकांच्या अडीअडचणीत धावून जाणारी मी, पण सख्ख्या बहिणीवर विश्वास ठेवायला कमी पडले.

तिच्या घरी तर रोजचीच बोलणी. दूध उतू जातं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, विजेचं बिल भरायची तारीख उलटते, एक काम हातात घेतलं की दुसरंच सुरू होतं. सासूबाई म्हणतात, “हिचं चित्त थाऱ्यावर नसतं.” एकदा गॅस सुरू राहिला, तेव्हा मेहुणे म्हणाले, “तुझ्या भरवशावर मुलं ठेवायची भीती वाटते.” ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

वाट सापडली ती तिच्या नऊ वर्षांच्या मुलामुळे. तो वर्गात एका जागी बसत नाही, वह्या अर्धवट ठेवतो, म्हणून बाईंनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. आम्ही दोघी त्याला घेऊन जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. तपासणीनंतर त्यांनी नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता. मेंदूच्या वाढीशी संबंधित असा हा प्रकार कुटुंबात पुष्कळदा चालत येतो, असंही त्या म्हणाल्या. तेव्हा माझी बहीण पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, “मॅडम, हे मोठ्या माणसाला असतं का हो? तुम्ही याचं जे जे विचारलंत, ते सगळं माझंच चालल्यासारखं वाटलं.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला वेगळी वेळ दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही लहानपणी कशा होतात?”

आज चाळिशीत होणाऱ्या विसराळूपणासाठी फ्रॉकमधल्या दिवसांची चौकशी कशाला, असं मलाही वाटलं. पण त्याला कारण आहे. एडीएचडी मोठेपणी अचानक उगवत नाही. त्याची मुळं बालपणात असतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं जे पुस्तक जगभर वापरलं जातं, त्यात २०१३ पासून अशी अट आहे, की यातली काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली हवीत. १९९४ च्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती. पण इतक्या लहानपणचं नेमकं आठवणार कुणाला? शिवाय बऱ्याच मुलांची अडचण अभ्यास वाढल्यावरच उघडी पडते. शिवाय आजची लक्षणंही पुरेशी हवीत, ती घर, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी आयुष्याची घडी विस्कटलेली हवी. एखाद्या दिवशी किल्ली हरवली म्हणजे एडीएचडी नव्हे!

हे बालपण तपासण्यासाठी प्रश्नावल्याही आहेत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डॉ. पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ६१ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. लहानपणी आपण कसे होतो, हे मोठ्या माणसानं आठवून त्यात खुणा करायच्या. आजच्या लक्षणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची वेगळी यादी आहे. मात्र अशी यादी म्हणजे निदान नव्हे, ती फक्त दार दाखवते, हे मॅडमनी बजावून सांगितलं.

बहिणीला मात्र काही आठवेचना. “आळशी होते, वेंधळी होते, एवढंच,” ती म्हणाली.

त्यावर मॅडम जे बोलल्या, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. “आळशी हा लोकांनी मारलेला शिक्का झाला. मला शिक्का नको, घडलेलं सांगा. डबा किती वेळा हरवला? गृहपाठ कोण पूर्ण करून द्यायचं? दप्तर कोण भरायचं?”

मी एकदम गप्प झाले. कारण दप्तर मी भरायचे. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी ना मी! तिचा गृहपाठ रात्री मी करून घ्यायचे, कंपासपेटीत पेन्सिल आहे का ते मी बघायचे. तिचं कुठे अडायचंच नाही, कारण अडायच्या आधी मी हजर असायचे. लग्नानंतर मी सुटले आणि तिची सातवीत घसरगुंडी झाली. तेव्हा सगळे म्हणाले, “वयात येतेय, अभ्यासातलं लक्ष उडालं.”

मीही मग साक्ष दिली. तिनं एकदा नळ उघडा टाकला होता आणि घरभर पाणी झालं होतं, हा किस्सा मी रंगवून सांगितला. मॅडमनी सगळं टिपलं आणि म्हणाल्या, “आईंना विचारा. आणि शाळेचे जुने कागद मिळतात का बघा.”

आम्ही दोघी माहेरी गेलो. विषय काढताच आई उसळली. “माझ्या लेकीला काय धाड भरलीय? गुणाची पोर ती. कधी कुणाला उलटून बोलली नाही.” आणि ते खरंच होतं. ती दंगा करणाऱ्यांतली नव्हतीच. खिडकीबाहेर बघत बसायची. एडीएचडी म्हटलं की उड्या मारणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. मुलींमध्ये मात्र पुष्कळदा नुसतं लक्ष हरवणं असतं. ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी नळाची आठवण काढली. आई माझ्याकडे बघतच राहिली. “अगं, तो नळ तू उघडा टाकला होतास! मार तिनं खाल्ला.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. इतकी वर्षं मी तो किस्सा सांगत आले होते. घरात एकीला वेंधळी म्हणायचं एकदा ठरलं की दुसरीच्या चुकाही तिच्याच नावावर जमा होतात! आणि तीच चूक मी डॉक्टरांपुढे पुरावा म्हणून मांडून आले होते.

शेवटी दादानं माळ्यावरची ट्रंक खाली काढली. बाबांना कागद जपायची सवय होती. त्यात तिची प्रगतिपुस्तकं निघाली. दुसरीचा शेरा, “हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही.” तिसरीचा, “वस्तू वारंवार हरवते.” चौथीचा, “प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिते. प्रयत्न केल्यास प्रगती करील.” तीन इयत्ता, तीन वेगळ्या बाई, आणि सूर एकच. आई ते कागद हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, “मला दिसत होतं गं. पण मुलीची जात. बोभाटा केला असता तर स्थळं आली असती का?”

आठवणी अशा दगा देतात, हे जगभरचंच आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास अनेक दशकं सुरू आहे. त्यातल्या ज्या मुलांना लहानपणी एडीएचडीचं निदान झालं होतं, त्यांच्या पालकांना पुढे मुलं अडतिशीची झाल्यावर त्याबद्दल विचारलं, तर बहुसंख्यांना ते आठवतच नव्हतं. उलट, आज आपण त्रासात असलो की मागचं सगळंच काळं दिसायला लागतं. म्हणून जाणते डॉक्टर एका माणसाच्या आठवणीवर विसंबत नाहीत. स्वतःची आठवण, घरच्यांची साक्ष आणि जुना कागद, तिन्ही ताडून बघतात.

मॅडमनी तिची थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी केली. झोप, चिंता, नैराश्य यांचीही चौकशी केली, कारण यांच्यामुळेही लक्ष उडतं. मग निदान पक्कं केलं. नळाचा किस्सा मी शरमेनं मागे घेतला. त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. प्रगतिपुस्तकं पुरेशी बोलकी आहेत.”

बाहेर पडल्यावर बहीण दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “म्हणजे ताई, मी वाईट नव्हते तर.”

आज ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घेते. गोळीनं जादू होत नाही. एकच वही, मोबाइलचा गजर आणि किल्लीसाठी दाराजवळ एक खिळा, अशी तिची व्यवस्था आहे. गटात पैसे आता दोघी मोजतात आणि त्याच दिवशी बँकेत भरतात. हिशोबातून तिला मोकळं केलं, पण पापडाच्या स्टॉलवर गिऱ्हाईक जमवावं तर तिनंच! बैठकीत मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. मेहुणे प्रगतिपुस्तकं बघून गप्प झाले. पूर्ण पटलंय असं नाही, पण “भरवशावर” हा शब्द त्यांनी पुन्हा काढलेला नाही. सासूबाई अजून बोलतात. त्यांना वेळ लागेल.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी ‘वेंधळी’ असेल तर तिला शिक्का मारण्याआधी जरा थांबा. आणि हे वाचून स्वतःच स्वतःचं निदानही करू नका. आपली घरं आधीच कामांच्या ओझ्यानं वाकलेली आहेत, विसर तर कुणालाही पडतो. पण लहानपणापासून, सगळीकडे आणि सतत असं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला लाजू नका. आधी बोलून बघावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६.

आणि हो, मुलांची प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका. गुणांच्या रकान्याखाली जी एक ओळ असते ना, ती नीट वाचा. आमच्या घरी ती वाचायला तीस वर्षं लागली.