कॅमेरा दारावर, फुटेज कुणाच्या घरी?

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातल्या कितीतरी घरांना थेट शिमग्यापर्यंत कुलूप असतं. पूर्वी चावी शेजारच्या वहिनींकडे असायची आणि घराची राखण त्यांच्या नजरेवर. आता शेजारचंही घर बंद, म्हणून पडवीत कॅमेरा बसतो. दुकानात चौकशी सुरू होते ती मेगापिक्सेलपासून. दोनचा घ्यावा की चारचा, रात्री रंगीत दिसतं का, मान फिरवतो का. दुकानदारही तेवढंच सांगतो, कारण खोक्यावर तेवढंच ठळक छापलेलं असतं. चित्रण साठतं कुठे आणि किती दिवस, हे बहुतेकांना ॲपमध्ये ‘मोफत मुदत संपली’ अशी पाटी झळकल्यावर कळतं. माझ्या मते कॅमेरा निवडायला बसताना पहिला प्रश्न हाच हवा. बाकीचं सगळं नंतर.

साठवणीच्या जागा तीन. कॅमेऱ्याच्या पोटातलं मेमरी कार्ड, घरात ठेवलेला रेकॉर्डर (बसवणारे त्याला डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात) आणि कंपनीच्या सर्व्हरवरचा क्लाउड. पहिल्या दोहोंना भाडं नाही, इंटरनेट बंद पडलं तरी अडत नाही. पण ‘जाताना डीव्हीआरही लंपास केला’ हे वाक्य घरफोडीच्या बातम्यांत आता नेहमीचं झालंय. चोराने पुरावाच पिशवीत घातला, तर चार मेगापिक्सेल घेऊन करायचं काय? क्लाउडचं खरं मोल इथे आहे. चोर घरात असतानाच त्याचं चित्र घराबाहेर पोचलेलं असतं.

मग सगळंच क्लाउडवर का ठेवू नये? इथे थोडा हिशेब करावा लागतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट पाठवतो असं धरा. तासाला होतात 900 एमबी, दिवसाला 21.6 जीबी, महिन्याला जवळपास साडेसहाशे जीबी. एच.265 या नव्या पद्धतीने चित्रण दाबलं तर हा आकडा निम्म्यावर येतो. शहरातल्या फायबरला हे झेपेल. गावच्या घरी मात्र सिमकार्डावर चालणारा 4जी कॅमेरा असतो आणि रिचार्ज रोज दीड-दोन जीबीचा. म्हणून घरगुती क्लाउड योजना बहुधा चोवीस तासांचं चित्रण ठेवतच नाहीत. हालचाल झाली की तेवढा तुकडा वर जातो. ‘तीस दिवसांचं रेकॉर्डिंग’ या जाहिरातीचा अर्थ ‘तीस दिवसांतले तुकडे’ एवढाच असू शकतो, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

तुकडेच ठेवायचे तर हालचाल कशाला म्हणायचं, हे कॅमेऱ्याला कळलं पाहिजे. अंगणातलं केळीचं पान हललं, मांजर कठड्यावरून गेलं, की मोबाइल वाजतो. सगळ्यात छळतो तो कोळी. अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. कॅमेऱ्याच्या आसपास किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि नेमकं भिंगासमोर जाळं विणतो. दिव्याच्या उजेडात ते जाळं पांढरंशुभ्र चमकतं, वाऱ्याने हलतं आणि रात्रभर ‘हालचाल आढळली’ असे निरोप येत राहतात. आठवडाभरात माणूस वैतागून निरोपच बंद करतो. म्हणजे कॅमेरा असून नसल्यासारखा. तेव्हा माणूस आणि इतर हालचाल यांत फरक करणारा, चित्रातला नको तो भाग वगळू देणारा कॅमेरा घ्यावा, मेगापिक्सेल दोन कमी असले तरी चालतील. आणि महिन्यातून एकदा भिंग पुसायला कुणाला तरी सांगून ठेवावं. त्याला ॲपमध्ये पर्याय नाही.

माझा कौल जोडीला आहे. अखंड चित्रण कार्डावर, महत्त्वाचे तुकडे क्लाउडवर. कार्ड सतत पुसलं-लिहिलं जातं, त्यामुळे मोबाइलमधलं जुनं कार्ड ढकलू नये. कॅमेऱ्यांसाठीची ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डं मिळतात. क्लाउडचं भाडं बऱ्याचदा दर कॅमेऱ्यामागे असतं, म्हणून चार कॅमेरे घेताना वर्षाचा आकडा आधी मांडावा. मुदतही आपल्या सवयीप्रमाणे हवी. सात दिवसांची साठवण रोज राहत्या घराला पुरते. जिथे चोरी झाल्याचं महिन्याने कळू शकतं, तिथे ती निरुपयोगी. विजेचं तर सांगायलाच नको. कोकणातल्या पावसात लाइट गेली की कॅमेरा गप्प. घेतल्या घेतल्या मेन स्विच बंद करून बघावं, ॲप काही सांगतं का. नुसतं ‘ऑफलाइन’ लिहून स्वस्थ बसणारं ॲप असेल, तर कॅमेरा परत करण्याच्या लायकीचा.

आता दुसरी बाजू. आपलं अंगण दुसऱ्याच्या संगणकावर ठेवायचं, तर किल्ली कुणाकडे? अमेरिकेत रिंग या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातली चित्रणं पाहता येत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये कारवाई केली आणि 58 लाख डॉलरवर तडजोड झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये वाइझ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे 13 हजार ग्राहकांच्या ॲपमध्ये परक्या घरांची चित्रं उमटली. उलट ॲपलच्या होमकिट व्यवस्थेत चित्रण घरातच कुलूपबंद होऊन वर जातं आणि कंपनीलाही उघडता येत नाही. पण ते मिळतं दहाच दिवस, आणि त्यासाठी घरात ॲपलचीच उपकरणं हवीत.

आपल्याकडे दुखणं याहून साधं आहे. 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. तपासाचे धागे लातूर आणि सांगलीपर्यंत आले. पासवर्ड होता ‘ॲडमिन123’ या छापाचा, म्हणजे कॅमेरा आला तसाच लावलेला. बसवणाऱ्याने घातलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदलावा, ओटीपीची दुहेरी तपासणी चालू करावी. त्याला वाईट वाटलं तर वाटो. केंद्राने 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला सुरक्षा-चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत, त्यामुळे दुकानात धूळ खात पडलेला जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नये.

चोरी झालीच, तर फुटेज न्यायालयात टिकावं लागतं. याबाबतचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे. 2014 मध्ये उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता की नाही, यावरून वाद झाला आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये सांगितलं की, मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 63 खाली त्याचा नमुना आहे आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बोटांचे ठसे म्हणा ना, नोंदवावं लागतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं चित्रण दाबलं जातं आणि हे ठसे बदलतात. म्हणून तुकडा ॲपमधून थेट उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा, आणि तो मुदत संपायच्या आत. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हेही आधीच पाहावं.

राहता राहिली भाऊबंदकी. कोलकात्यात एकाच घरातल्या दोन भावांच्या वादात तिथल्या उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं की, राहत्या भागात सहनिवासींच्या संमतीशिवाय कॅमेरे लावणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. कोकणात घर सामायिक, पडवी सामायिक, कधी कधी विहिरीकडची वाटही सामायिक. तेव्हा भिंतीत ड्रिल लावण्याआधी काका-चुलत्यांच्या ग्रुपवर कॅमेऱ्यात काय काय दिसणार त्याचा फोटो टाकावा आणि प्रत्येकाकडून लेखी होकार घ्यावा. एखादे काका अडून बसलेच, तर कॅमेरा फक्त आपल्या खोलीच्या दाराकडे वळवावा.